दुखणं थांबल्यानंतरचे चार आठवडे

"मॅडम, कालपासून याचं पोट दुखतंय." पुण्यात कोथरूडला लहान प्राण्यांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कानावर हे वाक्य वरचेवर पडतं. कुत्रं लहान चणीचं असतं. बहुतेक वेळा डॅशहंड, कधी पग, कधी ल्हासा किंवा शित्झू. रात्रीपासून जेवलेलं नसतं. पाठीला बाक काढून बसतं, अंग थरथरतं, एरवी सगळ्यांच्या आधी सोफ्यावर जाऊन बसणारं, ते आता सोफ्याकडे नुसतं बघत उभं राहतं. उचलायला गेलं की किंचाळतं. घरच्यांनी पोट चाचपलेलं असतं आणि ते खरोखरच घट्ट लागलेलं असतं. मग ताक पाजून झालेलं असतं, ओव्याचं पाणी झालेलं असतं, आणि आदल्या दिवशी कुणी काय खायला घातलं यावरून घरात थोडी वादावादीही.

पोट घट्ट लागतं ते पाठीमुळे. कण्यातली एखादी जागा दुखत असली की ती हलू नये म्हणून कुत्रं पोटाचे आणि पाठीचे स्नायू आवळून धरतं. पोटाचा आजार नसतोच असं नाही. स्वादुपिंडाला सूज आली तरी कुत्रं असंच आखडून बसतं. म्हणून डॉक्टरबाई आधी काहीच ठरवत नाहीत. कुत्र्याला टेबलावर घेत नाहीत, खाली रबरी मॅटवर सोडतात आणि चालताना बघतात. दवाखान्यात आल्यावर भीतीने कुत्री दुखणं लपवतात, घरी लंगडणारं इथे ताठ चालतं. त्यामुळे घरच्यांनी फोनवर काढलेला व्हिडिओ असला तर तो त्या आधी मागून घेतात.

मग दोन बोटं. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्यांच्या मधल्या उंचवट्यापासून शेपटीपर्यंत, एकेका मणक्यावर बेताचा दाब देत बोटं मागे सरकतात. छातीचा भाग पार होईपर्यंत सहसा काही घडत नाही. शेवटची बरगडी जिथे कण्याला मिळते तिथे बोटं पोचली की कातडीखालचा स्नायू थरारतो, कुत्रं मान वळवून हाताकडे बघतं. यालाही कारण आहे. कुत्र्याला छातीचे 13 आणि कमरेचे 7 मणके असतात. छातीच्या बहुतेक मणक्यांमध्ये दोन्हीकडच्या बरगड्यांची टोकं जोडणारा एक आडवा बंध असतो आणि तो दोन मणक्यांमधल्या गादीला वर, मज्जारज्जूकडे, सरकू देत नाही. शेवटच्या दोन-तीन बरगड्यांपाशी तो बंध नसतो. नेमका तिथेच छातीचा ताठ कणा संपून कमरेचा लवचिक कणा सुरू होतो. पाठीच्या गादीची बहुतेक दुखणी याच एका टापूत सापडतात.

त्यानंतरची तपासणी बघायला अगदी साधी आहे, पण सगळा निर्णय तिच्यावर असतो. कुत्र्याला पोटाखालून हलका आधार देऊन उभं करायचं, मागचा एक पंजा उलटा करून त्याची वरची बाजू जमिनीला टेकवायची आणि सोडून द्यायचं. निरोगी कुत्रं पंजा लगेच सरळ करतं. पंजा उलटाच राहिला, किंवा जरा थांबून सरळ झाला, तर पायाची खबर मेंदूपर्यंत नीट पोचत नाहीये. म्हणजे गोष्ट नुसत्या दुखण्यापुरती उरलेली नाही, मज्जारज्जूवर दाब आला आहे. डॉक्टरबाई कागदावर अवस्था लिहितात. फक्त वेदना ही पहिली. चालतं पण झोकांड्या जातात, ही दुसरी. पाय हलतात पण उभं राहता येत नाही, ही तिसरी. पाय अजिबात हलत नाहीत, ही चौथी. आणि पाय हलत नाहीत, शिवाय खोलवरची वेदनाही कळत नाही, ही पाचवी. कुत्रं सकाळी दुसऱ्या अवस्थेत असतं आणि संध्याकाळी चौथ्या, असंही होतं. त्यामुळे तो आकडा वेळेसकट लिहायचा.

घरच्यांना मात्र आकडा नको असतो. त्यांना कारण हवं असतं, आणि बऱ्याचदा ते कारण घरातलंच कुणीतरी असतं. मुलाने त्याला पलंगावरून उडी मारू दिली. मावशींनी फरशी ओली ठेवली. आजोबांनी जिन्यावरून पळवलं. दहा-बारा वर्षांचा मुलगा कोपऱ्यात डोळे पुसत उभा असतो.

अशा वेळी डॉक्टरबाई आधी त्या मुलाशी बोलतात. उकडीचा मोदक फुटला की सारण बाहेर येतं, तसंच इथे झालंय, असं सांगतात. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून चिवट तंतूंची पारी असते आणि आत जेलसारखा मऊ गाभा. आखूड पायांच्या जातींमध्ये हा गाभा पिल्लू वर्षाचं होण्याआधीच वाळायला लागतो, कूर्चेसारखा होतो, पुढे त्यात चुना साठतो. अशी गादी दणका सोसू शकत नाही. एक दिवस पारी फाटते, आतला कोरडा भाग वर उडतो आणि वरच तर मज्जारज्जू असतो. हान्सेन नावाच्या स्वीडिश पशुवैद्याने 1952 मध्ये हे सविस्तर मांडलं. असं अचानक फुटणं हा त्याने सांगितलेला पहिला प्रकार. मोठ्या कुत्र्यांत म्हातारपणी गादी हळूहळू फुगते, तो दुसरा. पुढे जनुकांचाही माग लागला. आखूड पायांमागचा एक बदल 2009 मध्ये सापडला आणि गाद्या लवकर वाळवणारा दुसरा बदल 2017 मध्ये, कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात. एफजीएफ-4 या जनुकाची एक जादा प्रत 12व्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली असते. डॅशहंड, बीगल, फ्रेंच बुलडॉग, पेकिंगीज या मंडळींत ती भरपूर आढळते.

म्हणजे उडी हे शेवटचं निमित्त. ती मारली नसती तर पुढच्या महिन्यात पाठीला झटका देऊन अंग झाडताना तेच झालं असतं. साधारण दर चार-पाच डॅशहंडमागे एकाला आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो आणि बहुतेकांना तो ऐन उमेदीत, 3 ते 7 वर्षांच्या वयात. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड या देशांत पैदाशीआधी, दोन ते चार वर्षांच्या वयात, कुत्र्याच्या कण्याचा एक्स-रे काढून चुना साठलेल्या गाद्या मोजायची पद्धत आहे. ज्याच्या पाठीत त्या जास्त, त्याची पिल्लं घ्यायची नाहीत. आपल्याकडे पिल्लू विकत घेताना रंग विचारतात, कागद विचारतात, आईबापांच्या पाठीबद्दल विचारणारं गिऱ्हाईक डॉक्टरबाईंना अजून भेटायचं आहे. हे बदलायला हवं, असं त्या प्रत्येक पिल्लाच्या पहिल्या लसीला आलेल्या माणसाला सांगतात.

पहिल्या दोन अवस्थांमधल्या कुत्र्यावर घरीच उपचार होतात, आणि ते चांगले होतात. चालणाऱ्या कुत्र्यांपैकी 80 टक्क्यांच्या आसपास कुत्री शस्त्रक्रियेशिवाय सावरतात. अट एकच, विश्रांती. पिंजऱ्यातली, किमान 4 आठवड्यांची. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संस्थेने 2022 मध्ये या दुखण्यावर जे एकमताचं निवेदन काढलं त्यातही हाच अवधी आहे. फाटलेली पारी पुन्हा सांधायला तेवढे दिवस लागतातच.

अडचण पुढे येते. वेदनाशामक गोळीचा गुण दोन-तीन दिवसांत दिसतो. पाठीचा बाक जातो, शेपटी हलू लागते, चौथ्या दिवशी कुत्रं दारात जाऊन भुंकतं. घरात आनंदीआनंद. "मॅडम, एकदम फर्स्ट क्लास आहे, आता सोडू ना?" असा फोन येतो, आणि डॉक्टरबाईंच्या मते या आजारातला सगळ्यात धोक्याचा दिवस हाच. गोळीने वेदना थांबलेली असते, पारी तशीच फाटलेली असते. दुखत होतं तोवर कुत्रं आपणहून जपून होतं. आता त्याला अडवणारं आतलं काहीच उरलेलं नाही, तर बाहेरून अडवायला हवं. आत शिल्लक असलेला गाभा एका उडीत बाहेर येऊ शकतो. नुसतं औषध देऊन कुत्रं मोकळं सोडायचं असेल तर औषध न दिलेलं परवडलं, इतक्या स्पष्ट शब्दांत त्या बोलतात.

परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. 1886 सालची ही संस्था. शिकताना हाताखाली जास्त गाई-म्हशीच असायच्या. म्हैस बसली की तिला उठवायची सगळी धडपड. कूस बदला, चारा द्या, मालकाला हाताशी घ्या, पण उभी करा. बसून राहिली तर स्वतःच्या वजनाने तिचे पाय जातात. त्या शिकवणीतून आलेल्या डॉक्टरला छोट्या कुत्र्याच्या बाबतीत उलटं काम करावं लागतं. उठू पाहणाऱ्याला बसवून ठेवायचं. आणि बसवून ठेवायचं काम औषधाचं नसतं, ते घरातल्या माणसांचं असतं. म्हणून त्यांचा अर्धा वेळ माणसांशी बोलण्यात जातो.

पिंजरा म्हटलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "आमच्या बाळाला पिंजऱ्यात?" एका आजींनी तर सरळ सांगितलं की आमच्या घरात पोपटसुद्धा पिंजऱ्यात ठेवत नाहीत. डॉक्टरबाई वाद घालत नाहीत, घराची चौकशी करतात. दिवसभर माणसं कुठे बसतात? दिवाणखान्यात. मग पिंजरा तिथेच. कुत्र्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं, एवढीच जागा. तारेचा पिंजरा असलाच पाहिजे असं नाही. लहान मुलांचं प्लेपेन चालतं, भिंतीच्या कोपऱ्यात फळ्या लावून केलेली चौकट चालते. तिच्या कडेवर पाय टेकून उभं राहता येता कामा नये. खाली फोमची पातळ गादी, वर सतरंजी. मऊ लुसलुशीत बिछाना नको, त्यात पाय रुततात आणि कमरेला पीळ पडतो.

शू-शीसाठी बाहेर न्यायचं तर उचलून. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली, पाठ जमिनीला समांतर. बहुतेक माणसं कुत्र्याला पुढच्या काखांमध्ये धरून उचलतात आणि मागचा भाग लोंबकळतो. सगळा भार त्या दुखऱ्या मणक्यावर. डॉक्टरबाई हे नुसतं सांगत नाहीत, घरातल्या प्रत्येकाकडून दवाखान्यात करून घेतात. शाळकरी मुलापासून आजोबांपर्यंत प्रत्येकाने एकदा उचलून दाखवायचं. बाहेर गेल्यावर गळ्यात पट्टा नाही, छातीभोवतीचा हार्नेस. पाच मिनिटं, मग परत आत. मागचे पाय डगमगत असतील तर जुनी सुती ओढणी पोटाखालून घेऊन तिची दोन्ही टोकं वर धरायची.

अशाच एका डॅशहंडच्या घरी सगळं शिस्तीत चाललं होतं, पण दारावरची बेल वाजली की कुत्रं पिंजऱ्यात गोल गोल फिरून उड्या मारायचं. दूधवाला, पेपरवाला, कुरिअर, शेजारचे काका, दिवसातून किती वेळा वाजणार! डॉक्टरबाईंनी सुचवलं की बेलच बंद करा. त्या घराने बेलची वायर काढली आणि दारावर कागद चिकटवला: "कुत्रा आजारी आहे. बेल वाजवू नका, कडी वाजवू नका, फोन करा." कचरा घ्यायला येणाऱ्या ताईसुद्धा जिन्यातून फोन करू लागल्या. हा कागद मग डॉक्टरबाईंनी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक पाठदुखीच्या घराला लावायला सांगितला. काही कुत्री एवढ्याने शांत होत नाहीत. त्यांना शांत ठेवायचं औषध देतात, आणि ते देण्यात काही गैर नाही. कोंडून चार आठवडे भुंकत राहिलेलं कुत्रं विश्रांती घेत नसतं.

औषधांच्या बाबतीत मात्र डॉक्टरबाईंचा आवाज चढतो. माणसांच्या गोळ्या कुत्र्याला देणं ही घरोघरची सवय आहे. कंबरदुखीवर आजोबा जी गोळी घेतात तिचा पाव तुकडा, बिस्किटात घालून. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक या दोन्हींनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मेलॉक्सिकॅम कुत्र्याला चालतं, पण किती? पहिल्या दिवसानंतर किलोमागे 0.1 मिलिग्रॅम. 8 किलोच्या कुत्र्याला 0.8 मिलिग्रॅम. मेडिकलमध्ये माणसांसाठी मिळणारी गोळी साडेसात किंवा 15 मिलिग्रॅमची. तिचे सुरीने तुकडे करून मात्रा जमवता येत नाही. डायक्लोफेनॅकचा विषय निघाला की त्या गिधाडांवर येतात. जनावरांना टोचलेलं हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि बघता बघता गिधाडं दिसेनाशी झाली. 2006 मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. एका जिवाला मानवलेली गोळी दुसऱ्याला मानवेलच असं नाही, याचा एवढा मोठा दाखला देशात असताना पुन्हा तीच गोळी घरच्या कुत्र्याला का घालायची?

दुसरी जोडी याहून धोक्याची. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र. एका पगला बाहेरगावी कुणीतरी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. गुण आला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी घरच्यांनी स्वतःच्या मनाने सूज उतरवायची गोळी सुरू केली. तो दवाखान्यात आला तेव्हा पाठ दुखायची राहिली होती, पण शी डांबरासारखी काळी होत होती, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आतड्यातला रक्तस्राव. त्याला सलाईन, रक्त, जठराची औषधं, सगळं लागलं. तो वाचला. एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये काही दिवसांची फट ठेवावीच लागते, आणि आधी काय दिलंय हे डॉक्टरला सांगावंच लागतं, कितीही संकोच वाटला तरी. शिवाय या आजारात स्टेरॉइडने कुत्री लवकर बरी होतात असा समज पूर्वी पक्का होता, तो टिकला नाही. 2022 च्या त्या निवेदनात नेहमीच्या उपचारात स्टेरॉइड देऊ नये असंच म्हटलं आहे.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे, गोचीड. गोचीडतापात रक्तातल्या प्लेटलेट उतरतात, सांधे दुखतात, कुत्रं आखडून चालतं आणि घरच्यांना वाटतं पाठ धरली. प्लेटलेट कमी असताना वेदनाशामक दिलं तर रक्तस्राव वाढायची भीती. त्यामुळे पाठीचं दुखणं कितीही उघड दिसत असलं तरी डॉक्टरबाई रक्ततपासणी सोडत नाहीत. विशेषतः पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत. नसांच्या वेदनेवर देतात त्या गॅबापेंटिनबद्दलही त्या एक गोष्ट चिठ्ठीवर ठळक लिहितात. माणसांसाठीच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने झपाट्याने खाली जाते. म्हणून लेबल वाचल्याशिवाय चमचा भरायचा नाही.

आणि मालीश नाही. तेल लावून पाठ रगडणं, पाय ओढून "सरकलेलं बसवणं", यातलं काहीच नाही. फुटलेली गादी बाहेरून बसत नाही.

या कामातला सगळ्यात अवघड क्षण पाचव्या अवस्थेपाशी येतो. दिवाळीतली एक रात्र डॉक्टरबाई सांगतात. फटाक्यांना घाबरून पलंगाखाली शिरलेलं डॅशहंड तासाभराने बाहेर आलं ते पुढच्या दोन पायांवर, मागचे पाय फरशीवर ओढत. घरातले पाच जण एका गाडीत बसून आले होते. टेबलाभोवती सगळे उभे. डॉक्टरबाईंनी मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून दाबलं आणि पाय झटकन मागे गेला. "हलला! मॅडम, हलला!" आईने हात जोडले.

पाय हलला हे खरं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना वाटला तो नव्हता. पाय मागे घेण्याची क्रिया मज्जारज्जूच्या खालच्या भागातून आपोआप होते, त्याला मेंदू लागत नाही. डॉक्टरबाई पायाकडे बघतच नव्हत्या. त्या तोंडाकडे बघत होत्या. बोट दाबल्यावर कुत्र्याने मान वळवली का, ओरडलं का, चाटायला आलं का, बुबुळं मोठी झाली का? त्यांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं, मुलाला कुत्र्याच्या डोक्यावरचा हात काढायला सांगितलं, आणि हाडापर्यंत दाब जाईल असा चिमटा पुन्हा लावला. डाव्या पायाला काही नाही. उजव्या पायाला कुत्र्याने मान वळवली आणि बारीक आवाज काढला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा मान वळली. चौथी अवस्था, पाचवी नव्हे.

या दोन अवस्थांमधलं अंतर त्यांनी तिथल्या तिथे घरच्यांना आकड्यांत सांगितलं. खोल वेदना कळत असेल आणि शस्त्रक्रिया झाली तर 10 पैकी 9 कुत्री पुन्हा चालतात. कळत नसेल तर शस्त्रक्रियेनंतरही 10 पैकी 6 च्या आसपास, आणि शस्त्रक्रियेशिवाय जेमतेम 2. शिवाय वेदना हरवलेल्यांपैकी सुमारे 10 टक्के कुत्र्यांत मज्जारज्जू वर वर विरघळत जातो आणि त्याला उपाय नाही. एक्स-रेमध्ये मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसते, साठलेला चुना दिसतो, मज्जारज्जू दिसत नाही. त्याला एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. रात्रीच फोनाफोनी झाली, कुत्र्याला एका फळीवर चादरीने बांधून पहाटे मुंबईला नेलं. मणक्याची एका बाजूची कमान कोरून आतला गाभा काढून टाकायची ही शस्त्रक्रिया आहे. तीन आठवड्यांनी ते कुत्रं झोकांड्या खात का होईना, स्वतःच्या पायांवर उभं राहिलं.

सगळ्यांना हे परवडत नाही, आणि परवडलं नाही म्हणून कुणी डॉक्टरबाईंसमोर मान खाली घालावी असं त्यांना मुळीच वाटत नाही. चौथ्या अवस्थेतलीही निम्म्याहून अधिक कुत्री नुसत्या विश्रांतीवर आणि सेवेवर पुन्हा चालतात, वेळ जास्त लागतो इतकंच. पण मग घराला एक कौशल्य शिकावं लागतं. मागचे पाय गेलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा स्वतःहून शू करता येत नाही. मूत्राशय भरत राहतं, जास्त भरलं की थेंब थेंब गळतं, आणि घरच्यांना वाटतं शू होतेय. दर सहा-आठ तासांनी पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून, मूत्राशय चाचपून, हळूहळू सारखा दाब देत ते रिकामं करावं लागतं. हे एकदा बघून जमत नाही. डॉक्टरबाई माणसाच्या हातावर आपला हात ठेवून शिकवतात. "लागलं का हाताला गोल? आता दाबू नका, नुसतं धरा. आता हळूच." बँकेत काम करणारे एक काका दुपारच्या सुट्टीत रोज घरी जाऊन हे करायचे. त्यांचं कुत्रं सहाव्या आठवड्यात उभं राहिलं.

काही कुत्री उभी राहत नाहीत. त्यांच्यासाठी चाकांची गाडी असते, आणि त्या गाडीवर मजेत फिरणारी कुत्री डॉक्टरबाईंच्या ओळखीत आहेत. पण ती घाईने, पहिल्या पंधरवड्यात लावायची नसते.

विश्रांती संपली की फिरणं वाढवायचं तेही मोजून, दर आठवड्याला थोडं. पाठीचे स्नायू बळकट व्हायला चाललंच पाहिजे. आयुष्यभर कडेवर घेऊन फिरवलेलं कुत्रं अधिक सुरक्षित असतं, हा गैरसमज आहे. वजन मात्र उतरवायचं. छातीवर हात फिरवला तर बरगड्या न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत. इथे तुपाची पोळी, चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं, जेवताना टेबलाखाली जाणारे घास असा सगळा हिशेब निघतो. 8 किलोच्या कुत्र्याला चार बिस्किटं म्हणजे फार झाली. डॉक्टरबाई बंद करा म्हणत नाहीत. गाजराचे, काकडीचे तुकडे डब्यात भरून आजींच्याच हाती द्या, म्हणजे देण्याचं सुख त्यांचं त्यांच्याकडे राहतं. गुळगुळीत फरशीवर कुत्रं जिथून जिथून जातं तिथे रबरी पायपुसणी किंवा योगा मॅटच्या पट्ट्या टाका. सोफ्याला उतार लावा. पायांच्या तळव्यांमधले केस कापा, त्यांनीही पाय घसरतात.

एवढं करूनही औषधांवर बऱ्या झालेल्या कुत्र्यांपैकी साधारण तिघांत एकाला हे दुखणं पुन्हा गाठतं, याच नाही तर शेजारच्या गादीत. पण दुसऱ्या वेळी घर तयार असतं. पाठीला बाक आला की कुणी ओव्याचं पाणी शोधत नाही, पिंजरा माळ्यावरून खाली येतो आणि मग फोन होतो.

सप्टेंबरच्या सुरुवातीला दारावर कागद लावलेल्या त्या घरातून फोन आला. गणपतीला गावी, रत्नागिरीकडे जायचंय, त्याला न्यावं की इथेच ठेवावं? विश्रांती संपून दीड महिना झाला होता, पंजा उलटा केला तर लगेच सरळ होत होता. डॉक्टरबाईंनी न्या म्हटलं. पिंजरा गाडीच्या मागच्या सीटवर, सीटबेल्टने बांधून. घाटात कुणाच्या मांडीवर नाही. दोन तासांनी थांबून हार्नेसवर पाच मिनिटं. गावच्या घरी शेणाने सारवलेली जमीन असेल तर उत्तम, पाय घसरत नाहीत, पण ओटीच्या पायऱ्या उचलूनच. आरतीच्या वेळी माजघरात, दार लावून. मोदक नाहीत. आणि तिथे पाठ आखडली तर गावात कुणाकडून इंजेक्शन घेण्याआधी फोन करा, मी उचलते.

"आणि मॅडम, आत्याकडे दोन मांजरं आहेत," पलीकडून आवाज आला.

"मग पिंजरा माजघरात नको," डॉक्टरबाई म्हणाल्या, "माडीवरच्या खोलीत ठेवा, आणि वर नेताना दोन हातांनी न्या."